गोसावी येण्याआधीची रात्र

जुलै १९७१. पुष्य नक्षत्र लागलं आहे. जालना अजून औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका आहे. स्वतंत्र जिल्हा होईल १ मे १९८१ रोजी. खालच्या वेळा कुणा एका शेतकऱ्याच्या वावरातल्या नाहीत. बाजरीवर गोसावी नावाचा रोग येतो तेव्हा त्याची रात्रीची पाळी साधारण अशीच चालते. वावर असं डोळ्यांसमोर आणा: दोन तुकडे, मध्ये धुरा. पश्चिमेला मृगात पेरलेली बाजरी, आता पाच आठवड्यांची. पूर्वेला पावसाने ताण दिल्यामुळे मागं राहिलेली पेरणी, दहा दिवसांची रोपं. दोन्हीकडे एकच संकरित वाण, एचबी-३.

सायंकाळी ६.४५

झड दुपारी थांबली. आभाळ भरलेलंच आहे. पश्चिमेच्या तुकड्यात मधूनमधून एखादं रोप पिवळट दिसतं. जवळ जाऊन पाहिलं तर हा पिवळेपणा नेहमीचा नाही. पान बुडाकडून फिकट होत आलंय, शेंडा अजून हिरवागार आहे आणि दोन्ही रंगांमधली हद्द आखल्यासारखी दिसते. नत्र कमी पडलं की पान शेंड्याकडून पिवळं पडत येतं. इथे उलटं चाललंय. पण पिवळ्या पानाला पहिलं नाव मिळतं ते खताच्या तुटीचं, दुसरं पाणी धरल्याचं. तिसऱ्या नावापर्यंत कुणी जात नाही.

ही रोपं उपटून जाळायची असतात. उजेड वीस मिनिटांचा उरला आहे.

सायंकाळी ७.०५

सूर्य मावळतो.

पिवळ्या रोपांच्या आत जो जीव आहे त्याचं नाव स्क्लेरोस्पोरा ग्रॅमिनिकोला. जाड कवचाचे त्याचे बीजाणू गेल्या हंगामांतल्या रोगट पाल्यातून मातीत पडले आणि तिथेच थांबले. काही वर्षं ते असे थांबू शकतात. बाजरी उगवली, तसे ते कोवळ्या मुळांतून आत शिरले. त्याला बुरशी म्हणायची पद्धत आहे. वंशावळीने तो शेवाळांच्या जवळचा. त्याची एक अट आहे: यजमान पेशी जिवंत हवी. मेलेल्या पेशीत त्याची उपासमार होते. ही अट सकाळी पुन्हा लागणार आहे.

रोग नवा नाही. वनस्पतिरोगतज्ज्ञ एडविन बटलर यांनी भारतातल्या या रोगाचं सविस्तर वर्णन १९०७ मध्ये छापलं. त्यालाही आता चौसष्ट वर्षं झाली. एवढ्या काळात गोसावी दर हंगामात इथे-तिथे दिसायचा, थोडी कणसं खाऊन जायचा. जुनी गावरान बाजरी परपरागीकरणाची, म्हणजे एका वावरात शेजारच्या दोन ताटांचीही जात सारखी नसायची. एक ताट बळी पडलं तरी पुढचं तसंच असेल असा भरवसा त्या जिवाला नव्हता.

रात्री ८.३०

घरात बियाण्याची रिकामी थैली घडी घालून ठेवलेली आहे. संकरित बियाणं दरवर्षी नवं घ्यावं लागतं, ही गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक झाली आहे. १९६६चा बियाणे कायदा लागू झाला आहे. प्रमाणित बियाण्यासाठी तपासायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. बाजरीच्या बियाण्याची भौतिक शुद्धता किमान ९८ टक्के, उगवण किमान ७५ टक्के. आनुवंशिक शुद्धता, म्हणजे प्रत्येक दाणा ठरलेल्या आईबापांचाच असणं, तीही पाहतात. बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये माणसं ओळीओळीने फिरून भेसळीची ताटं काढून टाकतात.

ही सगळी तपासणी दाणे एकमेकांसारखे आहेत ना याची आहे. सारखे असल्याचं पुढे काय होईल, हा रकाना कोणत्याही खूणचिठ्ठीवर नसतो.

जालन्याला हा धंदा परका नाही. भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केलेल्या बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच महिको ही बियाणे कंपनी काढली. पुढे याच गावाला लोक बियाण्यांची राजधानी म्हणतील आणि १९९८चा जागतिक अन्न पुरस्कार बारवाले यांना मिळेल. या रात्री मात्र संकरित बियाणं ही सहा-सात वर्षांची नवलाई आहे.

रात्री ९.३०

हवा जड झाली आहे. आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर जायला हवी, पारा विशीच्या आसपास उतरायला हवा, पान ओलं राहायला हवं. आर्द्रता तिथवर पोहोचत आली. पारा अजून थोडा वर आहे. अंधार झालेला आहे.

तोवर पेशीद्रव्याचं सांगून घेतो, कारण एचबी-३ चा जन्म त्यातून आहे. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत केंद्रक ठळक काढलेलं असतं, आणि उरलेली जागा फिकट रंगाने भरून तिला पेशीद्रव्य हे नाव दिलेलं असतं. जणू बाकीच्यांनी तरंगायला ठेवलेलं पाणी. बियाणेवाल्याला ते तसं पाहून चालत नाही. पेशीद्रव्यात तंतुकणिका असतात, पेशीला लागणारी ऊर्जा त्या तयार करतात, आणि त्यांची स्वतःची थोडी जनुकं असतात. बाजरीत ही जनुकं आईकडूनच येतात. परागकण केंद्रकाचा वाटा देतो, पेशीद्रव्याचा देत नाही. म्हणून दाण्याचा बाप कुणीही असो, पेशीद्रव्य आईचं, तिच्या आईचं, तिच्याही आईचं.

बाजरीचं संकरित बियाणं मोठ्या प्रमाणावर हाताने करता येत नाही. फुलं बारीक, एका कणसात हजारावर, आणि त्याच कणसात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही. पुंकेसर चिमट्याने काढत बसलं तर एक एकराचं बियाणं व्हायला पिढी जाईल. जिला पराग धरतच नाहीत अशी बाजरी मिळाली तरच हे जमणार होतं.

ती अमेरिकेत मिळाली. जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टनच्या प्रयोगकेंद्रात ग्लेन बर्टन यांनी पेशीद्रव्यातून उतरणाऱ्या पुंवंध्यत्वाबद्दल १९५८ मध्ये लिहिलं. पराग तयार करणं पेशीला फार खर्चाचं काम असतं. मक्यात पुढे मोजलं गेलं की त्या दिवसांत परागकोशाच्या पेशींमध्ये तंतुकणिकांची संख्या वीस ते चाळीस पट वाढते. तंतुकणिकांच्या जनुकांत खोट असली तर ताट धडधाकट वाढतं, कणीस येतं आणि पराग तेवढे वांझ निघतात. बर्टन यांच्या वाणाचं नाव टिफ्ट २३ए. त्याचं पेशीद्रव्य खोटीचं होतं, आणि हवी होती ती खोटच.

रात्री १०.१५

पारा उतरतो आहे.

बर्टन बाजरीकडे गुरांचा चारा म्हणून पाहत होते. अमेरिकेत ती मुख्यतः त्यासाठीच पेरतात. त्या खंडात बाजरीवर गोसावी नाही. टिफ्ट २३ए च्या कोणत्याही पूर्वजाला टिफ्टनच्या वावरात हा रोग भेटला नव्हता. न भेटलेल्या रोगासाठी निवड करण्याचं कारण बर्टन यांना नव्हतं, आणि त्यात त्यांची चूक धरता येणार नाही.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हे बियाणं भारतात आलं. लुधियानाला दिलबाग सिंग अठवाल यांनी त्यावरून एचबी-१ तयार केलं. १९६५ मध्ये ते प्रसारित झालं. उत्पन्न गावरानाच्या जवळजवळ दुप्पट भरलं. अन्नधान्यासाठी जहाजांची वाट पाहणाऱ्या देशात या आकड्यापुढे दुसरा आकडा कुणी विचारणार नव्हतं. मग एचबी-२, एचबी-३, एचबी-४, एचबी-५. पाच वर्षांत पाच वाण. एचबी-३ चा बाप गुजरातेतल्या जामनगरचा, जे-१०४. दुसऱ्या वाणांचे बाप दुसरे. आई पाचांचीही एकच: टिफ्ट २३ए.

रात्री ११.००

पारा २३ अंशांवर. पानाच्या खालच्या बाजूला पाण्याचा पातळ थर धरला आहे. टिफ्टनमध्ये दुपारचे दीड वाजले आहेत.

त्याच अमेरिकेत गेल्या उन्हाळ्यात जे झालं ते या वेळेपर्यंत सगळ्या बियाणेवाल्यांना माहीत आहे. तिथे मक्याचे तुरे हाताने खुडण्यासाठी दर हंगामात हजारो शाळकरी मुलं लावावी लागत. टेक्सासमध्ये सापडलेल्या पुंवंध्य मक्याचं पेशीद्रव्य वापरलं की तुरे खुडायचं कामच राहत नव्हतं. १९७० मध्ये देशातल्या सुमारे ८५ टक्के मक्यात हे एकच, टेक्सासचं पेशीद्रव्य होतं. मक्यावरच्या करप्याचा एक प्रकार त्यावर बसला. त्या बुरशीचं विष नेमकं टेक्सासच्या तंतुकणिकांमधल्या एका प्रथिनाला धरतं, तंतुकणिकेच्या पटलाला भोकं पडतात, ऊर्जा गळून जाते. पराग वांझ करण्यात ज्या प्रथिनाचा हात होता, त्यानेच बुरशीला दार उघडून दिलं. देशाचं सुमारे १५ टक्के पीक गेलं. नुकसान एक अब्ज डॉलरच्या घरात.

इशारा नव्हता असं नाही. १९६१ मध्येच फिलिपिन्समधल्या दोन कृषिशास्त्रज्ञांनी लिहून ठेवलं होतं की पुंवंध्य मका या करप्याला जास्त बळी पडतो. तिकडच्या दमट हवेचा परिणाम, असं समजून तो कागद बाजूला राहिला. नऊ वर्षं राहिला.

पिकांच्या एकसारखेपणातून येणाऱ्या धोक्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा अहवाल येईल १९७२ मध्ये. जालन्यातली पेरणी झालेली आहे.

रात्री १.००

पश्चिमेच्या तुकड्यातल्या पिवळ्या पानांच्या खालच्या बाजूने, पर्णरंध्रांतून, रंगहीन फांद्या बाहेर येऊ लागतात. झाडाने याच रंध्रांतून श्वास घ्यायचा असतो. फांद्या नुसत्या डोळ्याला एकेकट्या दिसत नाहीत. सगळ्या मिळून पांढरी लव दिसते, पीठ भुरभुरल्यासारखी. याला केवडाही म्हणतात. कंदील घेऊन पान उलटं करून पाहिलं असतं तर दिसली असती. रात्री एकला बाजरीचं पान उलटून कोण पाहतं?

रात्री २.३०

फांद्यांच्या टोकांना लिंबाच्या आकाराच्या पिशव्या लटकल्या आहेत. एका चौरस सेंटीमीटर पानावर हजारो. पारा २१. वारा पडलेला.

पहाटे ३.४०

पिशव्या पिकल्या. प्रत्येकीत पेशीद्रव्य ठासून भरलेलं आहे. रोगाच्या बाजूनेही आज रात्री तेच राबतंय. पाणी लागलं की तासाभरात त्या पेशीद्रव्याचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्याला एक केंद्रक, दोन बारीक चाबकासारख्या शेपट्या. एका पिशवीतून काही मोजके पोहणारे बीजाणू, कधी दहा-बारापर्यंत.

पिशवी नाजूक असते. कोरडी पडली की मेली. तिच्याकडे सूर्य उगवेपर्यंतचा वेळ आहे, सव्वादोन तास.

पहाटे ४.१०

वारा सुटतो. जुलैमधला वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे. धुरा ओलांडायला काही सेकंद पुरतात.

पूर्वेच्या तुकड्यातली रोपं वेळेवर पेरली असती तर आज तीही पाच आठवड्यांची असती. पूर्ण वाढलेल्या ताटाचा शेंडा पानांच्या थरांत दडलेला असतो, तिथवर हा जीव सहसा पोहोचत नाही. पहिले वीस दिवस धोक्याचे. ही रोपं दहा दिवसांची आहेत. पाऊस लांबला म्हणून पेरणी लांबली, एवढंच कारण.

पहाटे ४.३०

दहा दिवसांच्या रोपाचा पोंगा म्हणजे पानांची सुरळी. दवाचा थेंब तिच्यात घरंगळतो आणि तळाशी थांबतो. पिशव्या थेंबात पडतात. बीजाणू बाहेर येऊन पोहू लागतात. अर्धा तास, कधी तासभर पोहतात.

पहाटे ५.१०

पोहणं थांबतं. शेपट्या गळून पडतात. बीजाणू गोल होतो, पानाला चिकटतो, कवच धरतो. त्यातून एक नळी फुटते. नळी पेशींच्या सांध्यावरून सरकत जागा शोधते.

पोंग्यातलं पाणी आत्ता वाळलं असतं तर गोष्ट इथे संपली असती.

पहाटे ५.५८

सूर्योदय. ढगाआड. पाणी वाळत नाही.

पश्चिमेच्या तुकड्यातली पांढरी लव उजेडात कोमेजून जाते. आठ वाजता शेतकरी येईल तेव्हा पानावर जवळजवळ काही नसेल.

सकाळी ६.३०

नळीचं टोक पेशीभित्तिकेवर दाबलं जातं.

आता इथे जरा थांबायला हवं, कारण निकाल इथे लागतो, आणि लागतो तो काही तासांत. पेशीद्रव्य स्थिर नसतं. ते पेशीत सतत वाहत असतं, सेकंदाला काही मायक्रॉन, बारीक प्रथिनतंतूंच्या वाटांनी. बाहेरून टोक टेकलं की प्रतिकारक रोपात हा प्रवाह वळतो. पेशीद्रव्य टोकाच्या दिशेने गोळा होतं. केंद्रकही सरकत तिकडे येतं. तंतुकणिका येतात. भित्तिकेला आतून कॅलोजचा लेप बसू लागतो, गवंडी भिंतीला गिलावा मारतो तसा, नेमका टोकासमोर. हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, भित्तिका कडक होते. तरीही टोक आत आलंच, तर पेशी शेवटचा उपाय करते: ती स्वतः मरते. शेजारच्या दोन-चार पेशींना घेऊन मरते. पानावर टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी ठिपका उरतो. वर सांगितलेली अट इथे लागू होते. मेलेल्या पेशीत या जिवाला खायला काही नाही.

रोप वाचतं ते पेशी वेळेवर मेली तर.

म्हैसूर विद्यापीठात पुढे या रोगावर दीर्घ काम झालं. प्रतिकारक आणि बळी पडणाऱ्या वाणांची रोपं शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा दिसलं की तपकिरी ठिपका दोन्हींत येतो. प्रतिकारक रोपात तो फार लवकर येतो, बळी पडणाऱ्यात उशिरा. यंत्रणा दोघांत आहे. फरक घड्याळाचा आहे, आणि तो काही तासांचाच आहे.

सकाळी ८.००

शेतकरी वावरात आला आहे. धुऱ्यावरून दोन्ही तुकडे दिसतात. पूर्वेकडची रोपं टवटवीत, एकसारखी, एका उंचीची. गावरान बाजरी अशी कधीच दिसली नव्हती. संकरिताचं हेच तर कौतुक होतं.

एका रोपाच्या पोंग्यात एका थेंबाचा ओलावा अजून आहे. आत पेशीद्रव्य टोकाकडे वळू लागलं आहे. उशिरा.

सकाळी ९.३०

टोक भित्तिकेतून पार झालं.

आत गेल्यावर ते पेशी फोडत नाही. पेशीचं प्रद्रव्यपटल आतल्या बाजूला दबतं, हातमोज्यात बोट गेल्यासारखं, आणि बोटाभोवती तसंच्या तसं राहतं. पटल अखंड असतं. पेशीद्रव्य वाहत असतं. तंतुकणिका ऊर्जा तयार करत असतात. फक्त पेशीतल्या साखरेतला वाटा पटलापलीकडे जाऊ लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली ही पेशी निरोगी पेशीपेक्षा फार वेगळी दिसत नाही.

दुपारी १२.००

तपकिरी ठिपका येतो. जीव तोवर त्या पेशीतून पुढच्या पेशीत गेलेला आहे.

शेजारच्या रोपातही हेच झालं, त्याच वेळाने. त्याच्या शेजारच्याही. सगळ्यांची आई एक, बाप एक, इशारा मिळण्यातला उशीर एक. आनुवंशिक शुद्धता ठरल्याप्रमाणे आहे.

सायंकाळी ६.४५

चोवीस तास झाले. आभाळ भरलेलं. पश्चिमेच्या तुकड्यातली पिवळी रोपं उभीच आहेत. आज रात्री पुन्हा पाळी.

सातवा दिवस

पूर्वेच्या तुकड्यात पानं बुडाकडून फिकट होऊ लागतात. युरियाची एक मात्रा दिली जाते. पान हिरवं होत नाही.

बारावा दिवस

आता पूर्वेच्या तुकड्यातल्या पानांखालीही पांढरी लव आहे. वारा पश्चिमेचाच आहे. त्याच्यापुढे दुसऱ्याचं वावर.

चाळिसावा दिवस

बाजरी निसवते. पोटरीतून कणीस बाहेर यायचं, तिथे पानांचा झुपका येतो. फुलाफुलाच्या जागी हिरव्या वळलेल्या पट्ट्या, लोंबणाऱ्या, जटांसारख्या. म्हणून गोसावी. दाण्याची जागाच पानाने घेतलेली असते. काही कणसं अर्धी गोसावी, अर्धी दाण्याची. उपाय शोधण्याची वेळ चाळीस दिवसांपूर्वी, पहाटे, थेंबभर पाण्यात संपली होती.

ढोरांना घालायला मात्र पाला चांगला होतो. बर्टन यांचा वाण मुळात चाऱ्याचाच होता.

१९७१-७२

आदल्या वर्षी देशात बाजरी ८० लाख टनांच्या घरात पिकली होती, तोवरची विक्रमी. या वर्षी त्यातला साधारण एक तृतीयांश भाग नव्हता. काही पावसाने नेला, काही गोसाव्याने. एचबी मालिका एकामागून एक मागे पडली.

१९७२ मध्ये महाराष्ट्रात पाऊसच आला नाही. मराठवाड्यात खडी फोडायची कामं निघाली, रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळू लागली. तिला लोक मिलो म्हणत. (देशातली संकरित ज्वारी ज्या पुंवंध्य पेशीद्रव्यावर उभी होती, तेही मूळ मिलो ज्वारीचंच. हा योगायोग रेशनच्या रांगेत कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.)

१९७७

नवा वाण आला, बीजे-१०४. आई बदलली होती: दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झालेली ५१४१ए, गोसाव्याला दाद न देणारी. बाप तोच, एचबी-३ चा जे-१०४. आईचं केंद्रक नवं होतं, पेशीद्रव्य टिफ्टनचंच होतं. वाण झपाट्याने पसरला, लाखो हेक्टरवर. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यावरही गोसावी बसला.

त्यानंतर

संशोधकांनी टिफ्टनच्या पेशीद्रव्यावर खटला चालवला असं म्हणायला हरकत नाही. एकच केंद्रक, एका रोपात टिफ्टनचं पेशीद्रव्य, दुसऱ्यात साधं. दोघांना रोग देऊन पाहिलं. फरक निघाला नाही. टेक्सासच्या मक्यात पेशीद्रव्य स्वतः दोषी होतं, बाजरीत नव्हतं. उशीर टिफ्ट २३ए च्या केंद्रकातल्या जनुकांचा होता. पेशीद्रव्याने तो निमूटपणे अमलात आणला, आणि त्याच पेशीद्रव्याच्या सोयीमुळे ती एक आई देशभर पोहोचली. माझ्या मते निकाल बरोबर आहे. त्याचा परिणाम मात्र असा झाला की पेशीद्रव्य बदलण्याची घाई कुणाला उरली नाही. ए-४, ए-५ अशा क्रमांकांची दुसरी पुंवंध्य पेशीद्रव्यं सापडून बरीच वर्षं झाली. भारतात पेरल्या जाणाऱ्या संकरित बाजरीतल्या बहुतेक वाणांचं पेशीद्रव्य आजही टिफ्टनच्या वंशाचं आहे, जालन्याच्या दुकानांतून उचललेल्या थैल्यांमधलंही.

पेरणीआधी किलोमागे ६ ग्रॅम मेटॅलॅक्झिल (३५ टक्के) बियाण्याला चोळा. उगवल्यानंतरच्या पहिल्या वीस दिवसांत वावरातून चक्कर टाका. पान शेंड्याकडून पिवळं पडत असेल तर खताचं बघा. बुडाकडून पडत असेल तर रोप उपटून जाळा, आणि ते दिवस मावळायच्या आत करा.